गव्याच्या पुस्तकाचं शेवटचं पान

वाचनालयात सव्वीस वर्षं नोकरी केली की माणूस विद्वान होतो, असा एक गैरसमज आहे. विद्वान होत नाही, रागीट होतो. पुस्तकं लोक घेऊन जातात, किस्से मात्र टेबलावर सोडून जातात, आणि ते परत न्यायला कुणी येत नाही. त्यांना रॅक लागत नाही, वाळवी लागत नाही, साठतच जातात. आमचा शिपाई बाबल परब म्हणतो, "बाई, पुस्तकांचो रजिस्टर आसा, तसो किश्श्यांचो पण एक करूक व्हयो." मी म्हटलं, नको रे बाबा, मग त्याचीही तपासणी करायला आपले कार्यवाह मोहिते येतील.

लालबागला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं वाचनालय आहे. मी ग्रंथपाल, सावंतबाई. बाबल माझ्याआधी दोन वर्षं लागला, त्यामुळे भांडणात तो सीनिऑरिटी काढतो. आज सांगतेय ते सगळे किस्से एकाच पुस्तकाचे आहेत. त्याचा नंबर बाल ११२.

लहान मुलांची कादंबरी, आमच्या आईवडलांच्या पिढीपासून गाजलेली. फॉरेस्ट गार्डची मुलगी, आई नाही, बाप दिवसभर गस्तीवर. ही सहा वर्षांची असताना रानात येते आणि बारा वर्षांची होईपर्यंत तिथेच वाढते. पायवाटा शिकते, मध काढायला शिकते, पुरात एक अख्खी रात्र झाडावर काढते. एक म्हातारा गवा रोज संध्याकाळी त्यांच्या खोपटामागे येऊन उभा राहतो, त्याच्याशी तिची मैत्री होते. मैत्री म्हणजे काय, तो उभा राहतो आणि ही बोलते. शेवटी शहरातली आत्या तिला शाळेसाठी न्यायला येते. ट्रक उभा आहे, पेटी चढवलीय, गवा झाडीच्या कडेला आलाय, मुलगी एक पाय ट्रकच्या फळीवर ठेवते आणि...

आणि पुढचं पान नाही.

आमच्याकडे एकच प्रत आहे. कव्हर गेलंय, सुरुवातीची पानं गेलीयत. रजिस्टरातलं नाव भलतंच जड आहे, ते कुणी घेत नाही. मुलं नुसतं गव्याचं पुस्तक म्हणतात. त्या नावापुढे माझ्याही आधीच्या ग्रंथपालांच्या टपोऱ्या अक्षरात शेरा आहे, 'शेवटचं पान नाही'. नीट पाहिलं तर कळतं की ते गळून पडलेलं नाही. पट्टी लावून सरळ फाडलंय. म्हणजे ठरवून! मुलं दर आठवड्याला मला विचारतात, बाई, पुढे काय झालं, आणि मी दर आठवड्याला त्या अज्ञात इसमाला मनातल्या मनात शिव्या घालते. सापडला तर वाचनालयाच्या दारात उभा करीन आणि प्रत्येक मुलाला स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यायला लावीन, असं मी वार्षिक सभेत, माइकवर म्हटलेलं आहे.

नवी प्रत आणावी म्हणून दादरची दुकानं पालथी घातली, गिरगावातल्या जुन्या पुस्तकवाल्यांना सांगून ठेवलं. मिळत नाही. लहानपणी पूर्ण वाचलेल्यांना विचारलं, तर आमच्या सभासद आंबेकर आजी म्हणतात ती गेली, आणि बाबल म्हणतो ती ट्रकमधून उडी मारून परत आली. दोघंही देवाशप्पथ सांगतात. मुलांनी त्यामुळे दोघांवरही विश्वास ठेवायचं सोडलंय.

*

हे पुस्तक कुणी घरी नेत नाही. बालविभागाच्या मोठ्या टेबलाखाली बसून वाचतात. कारण साधं आहे. मुलांच्या कार्डावर एका वेळी एकच पुस्तक मिळतं, आणि ते कुठलं ते आया ठरवतात. निबंधमाला, गाइड, स्कॉलरशिपचे सराव संच. मुलं कार्डावर आईचं पुस्तक घेतात, ते दप्तरात टाकतात आणि मग टेबलाखाली शिरून स्वतःचं वाचतात. टेबलाखालीच का, तर वर बसलं की जिना चढून आलेल्या आईला पहिलं तेच दिसतं.

समोरच्या टॉवरमधल्या एक बाई एकदा वर आल्या. आमच्याकडे लिफ्ट नाही, म्हणून आधीच तापलेल्या. मुलीने घरी जाऊन गव्याची गोष्ट सांगितली होती. मला म्हणाल्या, "हे पुस्तक कितवीला आहे?"

मी म्हटलं, कितवीलाच नाही, असंच वाचायचं. त्यांनी विचारलं, यावर काही एक्झाम वगैरे असते का. म्हटलं, नाही. मग त्या खरोखर काळजीत पडल्या.

"मग ती कशासाठी वाचतेय?"

राग एवढा आला की मी त्यांना पाणी दिलं.

*

त्याच टॉवरचा पुढचा किस्सा. त्या टॉवरच्या इंग्रजी नावाचा अर्थ घनदाट अरण्य असा होतो. फ्लॅट विकताना लावलेल्या बोर्डावर 'निसर्गाच्या कुशीत वाढू द्या तुमची मुलं' असं लिहिलं होतं, हरणाच्या चित्रासकट. लालबागला! आत कंपाऊंडमध्ये एक बदामाचं झाड आहे आणि बाकी सगळे कुंडीतले पाम.

तर त्या बाईंची मुलगी एका रविवारी त्या बदामाच्या झाडावर चढून बसली. बदाम तोडायला नाही, पतंग काढायला नाही. नुसती बसली. वॉचमनने शिट्टी मारली, सोसायटीचे सेक्रेटरी धावत आले, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरला, शिडी आणून मुलीला उतरवलं. दोन दिवसांनी आम्हाला लेटरहेडवर पत्र. आपल्या वाचनालयातील एका पुस्तकाचा रहिवाशांच्या पाल्यांवर अनुचित प्रभाव पडत असल्याचे निदर्शनास आले आहे, तरी योग्य ती कार्यवाही करावी.

मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. 'पुस्तकातली मुलगी रात्रभर झाडावर होती. आपली दहा मिनिटांत उतरवण्यात आली. प्रभाव कमी पडला, याबद्दल दिलगीर आहोत.'

बाबलने पत्र हातोहात पोचवलं आणि वॉचमनची सही घेऊन आला. त्या उत्तरासाठी मोहित्यांनी मला मेमो दिला. तो मी बाल ११२ च्या शेजारी फाइल करून ठेवलाय.

*

मध्यंतरी आमच्याकडे वाचन संस्कृतीचा कार्यक्रम झाला. मोहित्यांची हौस. दादरहून एक व्याख्यात्या बोलावल्या. त्या तासभर उशिरा आल्या, तोवर चाळीसभर मुलं सतरंजीवर मांडी घालून बसवून ठेवलेली. मग स्लाइड लागल्या. तुमची पिढी वाचतच नाही, तुमच्या हातात मोबाइल आहे, पुस्तकाचा वास तुम्हाला माहीत नाही, असं बराच वेळ चाललं होतं. मुलांपैकी अर्ध्यांकडे मोबाइल नाही, आणि पुस्तकाचा वास म्हणाल तर आमच्याकडे दुसरा कुठला वासच येत नाही.

शेवटच्या रांगेत सुजाता कांबळे होती. सहावीतली. तिची आई परळच्या एका हॉस्पिटलात सिस्टर आहे. तिची ड्यूटी संपेपर्यंत ही रोज आमच्याकडे असते. सुजाता हळूहळू मागे सरकत टेबलाखाली पोचली होती आणि गव्याचं पुस्तक उघडून बसली होती. व्याख्यात्यांच्या नजरेला ती पडली.

"ए मुली, पुस्तक बंद कर आधी! मी इथे वाचनाचं महत्त्व सांगतेय."

सुजाताने पुस्तक बंद केलं, पण पानात बोट ठेवून. कुणीही हसलं नाही. मुलं हसली नाहीत कारण ती घाबरली होती, आणि मोठे हसले नाहीत कारण त्यांना यात हसण्यासारखं काही दिसलंच नाही. मोहित्यांनी शाल दिली, नारळ दिला. चहाच्या वेळी मी बाईंना सहज विचारलं, हल्ली तुम्ही काय वाचताय. त्या म्हणाल्या, "अहो, वेळच मिळत नाही. महिन्याला दहा-दहा व्याख्यानं असतात ना वाचनावर."

मी बाबलला म्हटलं, यांच्या चहात साखर घालू नकोस. तो म्हणाला, आधीच घातली नाही.

*

पुस्तकात लिहायला सक्त मनाई आहे, अशी पाटी मी स्वतः उभी राहून रंगवून घेतलीय. तिच्याच खाली बसून लोक लिहितात.

जुन्या वाचकांची एक पद्धत आहे. वय झालं की कुठलं वाचलं आणि कुठलं राहिलं ते ध्यानात राहत नाही. म्हणून ते वाचून झालेल्या पुस्तकात एका ठरलेल्या पानावर आपली खूण करून ठेवतात. आंबेकर आजींची खूण म्हणजे सत्ताविसाव्या पानावर एवढंसं तुळशीवृंदावन. पुस्तक हातात घेतलं की आजी आधी सत्ताविसावं पान काढतात. वृंदावन दिसलं की पुस्तक परत. मी कितीदा भांडले. आजी म्हणतात, मग तू माझ्यासाठी लक्षात ठेव.

एकदा नवीन पुस्तकांचं पार्सल आलं. दोनच दिवस झाले होते. आजींनी त्यातली एक कादंबरी घेतली, सत्ताविसावं पान काढलं आणि परत ठेवली. "ह्या माझा वाचून झाला."

मी म्हटलं, आजी, परवा आलंय हे. आजींनी पान दाखवलं. वृंदावन होतं! तुळशीच्या मंजिऱ्यांसकट.

शोध घेतल्यावर कळलं की मागच्या चाळीतल्या तावडे काकू नव्याने सभासद झाल्या होत्या. त्यांनी तीन-चार पुस्तकांत वृंदावन पाहिलं आणि त्यांना वाटलं की हे वाचनालयाचंच चिन्ह आहे, वाचून झालं की प्रत्येकाने काढायचं असतं. बिचाऱ्या इमानेइतबारे काढत होत्या. म्हणजे दोन महिने आजी न वाचलेली पुस्तकं वाचलेली समजून परत करत होत्या आणि मला सांगत होत्या की हल्लीच्या कादंबऱ्या अजिबात लक्षात राहत नाहीत.

आजींना हे सांगितल्यावर त्या खुर्चीवरून उठल्याच. "माझी खूण चोरल्यान ती चोरल्यान, दोन महिने माझा वाचन पण चोरल्यान!"

शेवटी तह झाला. काकू आता समई काढतात. पाटी अजून तिथेच आहे.

*

आता या पुढच्या किश्श्यासाठी एक धंद्यातली गोष्ट सांगावी लागेल. प्रत्येक वाचनालयाचं एक गुप्त पान असतं. कव्हर फाटलं, पहिलं पान गेलं, तरी पुस्तक कुणाचं ते कळावं म्हणून आत एका ठरलेल्या पानावर वाचनालयाचा शिक्का मारतात. आमचं गुप्त पान एकावन्न. बाल ११२ मध्ये एकावन्नाव्या पानावर ती मुलगी पुराच्या रात्री झाडावर बसलेली आहे, खाली पाणी, आणि गवा कुठे आहे ते तिला दिसत नाही.

त्याच पानावर पेन्सिल चालवताना मी सुजाताला पकडलं. कान धरायचे दिवस गेले, म्हणून दप्तर धरलं. पान हिसकावून पाहिलं तर आमच्या शिक्क्याभोवती खुणाच खुणा. मांजर, रिक्षा, चप्पल, चांदणी, आईस्क्रीमचा कोन. सुजाताची शिडी अर्धी काढून झालेली. पेन्सिलीच्या गर्दीत मध्येमध्ये शाईच्या जुन्या खुणाही होत्या, पुसट निळ्या. एक मासा, एक भोवरा, अर्ध्या शेपटीचा एक पतंग. त्या कधीच्या आणि कुणाच्या, ते कळायला मार्ग नव्हता.

मी म्हटलं, पाटी वाचता येत नाही? एवढ्या पुस्तकांत लिहिणारे हात आहेत, त्यात तुझाही?

"बाई, हे लिहिणं नाहीये," सुजाता म्हणाली. "ही हजेरी आहे."

हजेरी कसली, तर इथपर्यंत आलेल्यांची. सगळं पहिल्यापासून वाचत आलं तरच खूण काढायची. मधली पानं उडवून आलेल्याची धरत नाहीत, बाकीची मुलं खोडून टाकतात. हा नियम तिला तिच्या आधीच्या मुलांनी सांगितला, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. आणि आता ती समोरच्या टॉवरमधल्या मुलीला सांगणार होती, झाडावरून उतरवलेल्या.

मी तिच्या हातात रबर दिलं आणि म्हटलं, पूस. तिने स्वतःची शिडी पुसायला घेतली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात थांबला नाही. तोवर मी बाकीच्या खुणा मोजल्या. त्रेचाळीस भरल्या.

रबर परत घेतलं. नियम मोडणाऱ्यांचा मला राग येतो, पण यांनी आपले नियम आमच्यापेक्षा कडक ठेवलेत, याचं काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही.

*

आता मोहिते. बँकेतून रिटायर झालेले, तब्येतीने सुखी, राहायला शीवला. पण लहानपण आमच्या मागच्याच चाळीत गेलं, हे ते प्रत्येक सभेत सांगतात. "या वाचनालयातलं प्रत्येक बालपुस्तक मी वाचलंय," हेही सांगतात. त्या वाक्याला बाबल नेहमी छताकडे बघतो.

मोहित्यांनी यंदा लॅपटॉप आणला. नियम काढला की ज्या पुस्तकाच्या तारीखपट्टीवर पाच वर्षांत एकही तारीख नाही, ते बाद. बाद झालेली पुस्तकं रद्दीत, आणि बालविभागाच्या जागी एसी अभ्यासिका. यादी काढली. त्यांच्या भाषेत डेड स्टॉक. त्यात बाल ११२ होतं, कारण त्याच्या पट्टीवरची शेवटची तारीख अकरा वर्षांपूर्वीची होती.

मी समजावलं. मुलं हे इथे बसून वाचतात, घरी नेत नाहीत, म्हणून तारीख पडत नाही. रोज कुणीतरी वाचतंय. मोहिते म्हणाले, "रेकॉर्डवर नाही म्हणजे नाही, बाई."

म्हणजे बघा. आया गाइड नेतात, आणतात, पुन्हा नेतात, एक पान उघडत नाहीत, त्या गाइडांच्या पट्ट्या तारखांनी भरलेल्या. ती पुस्तकं जिवंत! आणि ज्याच्या पानांच्या कडा मुलांच्या बोटांनी मऊ झाल्यात ते डेड. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, साहेब, टेबलाखाली एकदा वाकून बघा. ते म्हणाले, पाठीचा त्रास आहे.

बाबलने मग शक्कल लढवली. यादी अजून कच्ची होती. त्याने पुस्तक स्वतःच्या नावावर घेतलं, ठळक तारीख मारली, रात्री घरी नेलं, सकाळी आणलं. मोहित्यांनी लॅपटॉपवर पाहिलं आणि ती तारीख काढून टाकली. स्टाफचा इश्यू धरत नाहीत.

"का?" बाबलने विचारलं.

"स्टाफ म्हणजे वाचक नव्हे, परब."

अठ्ठावीस वर्षांत बाबलने आमच्याकडचं काय वाचायचं ठेवलंय ते मला विचारा. तीन दिवस त्याने मोहित्यांना चहा दिला नाही, एवढंच. सुजाता आपलं कार्ड घेऊन आली, आईला विचारून, गाइड परत करून. तोवर यादी पक्की झाली होती, आणि पक्क्या यादीतलं पुस्तक इश्यू होत नाही. हाही नियम मोहित्यांचाच. तिने कार्ड तसंच हातात धरून विचारलं, मग आता ते कुठे जाणार. रद्दीत, हे मला तिला सांगता आलं नाही. मी तिच्यावरच खेकसले, की घरी जा.

*

बाद करायचा दिवस शनिवारचा होता, दुपारचा. मोहित्यांनी 'बाद' असा नवा रबरी शिक्का करून आणला होता आणि तो दुसऱ्या कुणाच्या हातात देत नव्हते. पद्धत अशी, की बाद पुस्तकाच्या गुप्त पानावरचा आमचा शिक्का या नव्या शिक्क्याने रद्द करायचा. बाबल एकेक पुस्तक पुढे सरकवायचा, मोहिते एकावन्नावं पान काढायचे, ठप्प. पुढचं. ठप्प. टेबलाखाली चार-पाच मुलं होती. त्यांना घालवून द्यायला मला सांगितलं होतं, मी विसरले.

बाल ११२ आलं. मोहित्यांनी पान काढलं, शिक्का उचलला आणि तो तसाच हातात राहिला. ते बघत होते. बाबलने शाईचा पॅड पुढे सरकवला, त्यांनी बघितला नाही. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. मग त्या अर्ध्या शेपटीच्या निळ्या पतंगावर बोट ठेवलं.

"आईने खालून हाक मारली होती," ते म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही. "शेपटी राहून गेली."

बाबल त्या दिवशी छताकडे बघत नव्हता.

थोड्या वेळाने मोहित्यांनी शिक्का खाली ठेवला. "हे माझ्या नावावर इश्यू करा."

मला गप्प बसायला हवं होतं. पण सुजाताचं कार्ड माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. मी म्हटलं, साहेब, पक्क्या यादीतलं पुस्तक इश्यू होत नाही. नियम आहे.

"माहीत आहे. मीच केलाय."

मी तारीख मारली. बाबलची रद्द झालेली सोडली, तर अकरा वर्षांनंतरची पहिली. टेबलाखाली कुणीतरी कुणाचं तरी तोंड दाबून धरलं होतं.

*

पुढचे चौदा दिवस मुलांनी माझं डोकं खाल्लं. पुस्तक रद्दीतून वाचलं हे खरं, पण ते गेलं शीवला! रोज संध्याकाळी सुजाता येऊन विचारायची, आणि तो कार्यवाह आहे म्हणून त्याला पंधरा दिवस कशाला लागतात, असंही विचारायची. मी तिला 'त्यांना' म्हण असं बजावायची, मनातून मलाही तेच वाटत होतं.

पंधराव्या दिवशी मोहिते स्वतः आले. पुस्तक टेबलावर ठेवलं, म्हणाले, "तारीख मारा," आणि न बसता, चहा न घेता जिना उतरायला लागले. बाबल तेवढ्यात खाली चहा आणायला गेला होता.

सुजाताने पुस्तक जवळजवळ माझ्या हातातूनच घेतलं आणि उलटं उघडलं, शेवटून. तिची ती सवय नाही. आत एक कागद होता. चार घड्यांचा, पिवळा पडलेला, घड्यांवर इतका जुना की उलगडताना तुटेलसं वाटत होतं. त्याची एक कड सरळ होती, पट्टी लावून फाडल्यासारखी.

सव्वीस वर्षं ज्याला शोधत होते तो माणूस जिन्यावर होता. माइकवर काय काय म्हटलं होतं ते सगळं आठवत होतं. सभेत तो माणूस व्यासपीठावर माझ्या शेजारीच बसला होता, हेही आठवलं.

आम्ही दोघींनी ते पान एकदम वाचलं. आंबेकर आजींचंच खरं होतं, ती जाते. पण आजींनी एक गोष्ट आम्हाला सांगितली नव्हती. ती मागे वळून बघत नाही. ट्रक सुरू होतो, गवा झाडीच्या कडेला उभा राहतो, आणि समाप्त.

मी खणातून गोंदाची बाटली काढलीसुद्धा. आमचं काम ते. सुजाताने पान माझ्या हातून हळूच घेतलं, होत्या त्याच घड्यांवर घडी घातली आणि चपला न घालताच जिना उतरून गेली. मी खिडकीत जाईपर्यंत ती रस्त्यावर पोचलेली. मोहिते पानपट्टीपाशी थांबले होते. तिने त्यांना काहीतरी दिलं, काहीतरी बोलली, आणि धावत परत आली. माझ्याकडे न बघता टेबलाखाली गेली.

बाबल चहा घेऊन वर आला. खाली तो पानपट्टीपाशीच उभा होता, त्याने सगळं ऐकलं होतं. मी विचारलं, काय म्हणाली रे ती?

"म्हणाली, आजोबा, हे तुमच्याकडेच राहू दे. आमच्यात ती अजून गेली नाहीये."

"आणि साहेब?"

बाबलने चहाचे ग्लास टेबलावर ठेवले, त्यातला एक मोहित्यांसाठी आणलेला होता.

"पानाची घडी खिशात ठेवल्यानी आणि वर बटण लावल्यानी."